तेरा आठवड्यांचा प्रश्न

एखाद्या शेतकऱ्याचा हात मळणीयंत्रात सापडला, तर त्या घरावर एकाच वेळी दोन संकटे कोसळतात. पहिले दवाखान्याचे. जीप करा, तालुक्याला न्या, तिथले डॉक्टर म्हणतात जिल्ह्याला हलवा, मग शस्त्रक्रिया, रक्ताच्या बाटल्या, औषधे. हे संकट मोठा गलका करीत येते. सारा गाव धावून येतो. आणि महिन्या-दोन महिन्यांत, बरे होवो वा वाईट, ते एकदाचे संपते. दुसरे संकट मात्र मुकाट्याने येते. माणूस घरी परततो तेव्हा पेरणी तोंडावर आलेली असते, सोसायटीचा हप्ता थकलेला असतो, पोरांच्या शाळा सुरू झालेल्या असतात आणि औताला माणूस नसतो. गाव आता आपापल्या कामाला लागलेला असतो. हे संकट महिन्या-दोन महिन्यांत संपत नाही. कधी कधी तर ते त्या माणसाच्या हयातीनंतरही पोराबाळांच्या मागे राहते.

या दोन संकटांवर दोन निरनिराळे विमे आहेत, ही गोष्ट आपल्याकडे चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांच्याही ध्यानी नसते. कुणाला वाटते, आरोग्याचे कार्ड काढले आहे, आता घोर नाही. कुणाला वाटते, बँकेतून वर्षाला वीस रुपये कापले जातात, म्हणजे पाय मोडला तर दवाखान्याचे बिल तिकडून परस्पर भरले जाणार. दोघेही वेळ आल्यावर गोंधळतात. कार्ड दवाखान्याचे बिल भागवते, पण घरची चूल पेटवत नाही. वीस रुपयांचा विमा मृत्यूला आणि कायमच्या अपंगत्वाला पैसे देतो, पण दवाखान्याचे बिल पाहत नाही. हे असे दोन भाग का पडले, कुणी पाडले, आणि त्यांची जोड कशी बसवायची यासाठी कोणकोणत्या देशांत किती डोकी खपली, तो इतिहास आज तुमच्यापुढे ठेवायचा आहे. गोष्ट रेल्वेपासून सुरू होते.

तुम्ही म्हणाल, अपघात काय रेल्वेनेच आणले? माणसे झाडावरून पडत होती, विहिरीत बुडत होती, बैल मारीत होते, हे तर अनादी काळापासूनचे. खरे आहे. पण त्याला लोक नशीब म्हणत. अमुक गावात वर्षाला किती माणसे झाडावरून पडतात याचा हिशेब कुणी ठेवीत नसे; आणि ज्याचा हिशेब नाही त्याचा विमा उतरवता येत नाही. विमा हा मुळात मोजदादीचा धंदा आहे. आगगाडीने ही मोजदाद शक्य केली. किती उतारू बसले, किती मैल गेले, किती दगावले, हे सारे कागदावर येऊ लागले. इंग्लंडमध्ये लिव्हरपूल–मँचेस्टर हा लोहमार्ग १५ सप्टेंबर १८३० रोजी सुरू झाला, आणि उद्घाटनाच्या दिवशीच विल्यम हस्किसन नावाचे पार्लमेंटचे एक नामांकित सभासद इंजिनाखाली सापडून मरण पावले. १८४० च्या कायद्याने रेल्वे कंपन्यांवर अपघातांची खबर सरकारला देण्याचे बंधन आले. म्हणजे आता आकडे जमू लागले.

ते आकडे हाताशी धरून १८४९ साली लंडनमध्ये ‘रेल्वे पॅसेंजर्स अ‍ॅश्युअरन्स’ ही कंपनी निघाली. तिची पद्धत अगदी सोपी. गाडीचे तिकीट घेतानाच खिडकीवर विम्याचेही तिकीट घ्यायचे. पहिल्या वर्गाच्या उतारूने तीन पेनी द्यायचे, प्रवासात मेला तर वारसांना हजार पौंड. दुसऱ्या वर्गाला दोन पेनी आणि पाचशे पौंड. तिसऱ्या वर्गाला एक पेनी आणि दोनशे पौंड. नुसती इजा झाली तर त्या मानाने काही रक्कम. शिक्षकांनी वर्गात हे गणित मुलांना जरूर घालावे. पहिल्या वर्गाच्या उतारूला एका पेनीमागे तीनशे तेहतीस पौंडांचे संरक्षण मिळे, दुसऱ्याला अडीचशेचे आणि तिसऱ्याला दोनशेचे. गरिबाच्या डब्यात धोका अधिक, असे कंपनीचे म्हणणे असेल. पण गरिबाला विमा महाग पडतो हे तेव्हापासूनचे आहे, एवढे मात्र दिसते.

या कंपनीवर १८५४ साली एक दावा झाला, तो आपल्या विषयाला फार उपयोगी आहे. थिओबाल्ड नावाचे गृहस्थ विम्याचे तिकीट घेऊन प्रवास करीत होते. मुक्कामाला गाडी थांबली, ते खाली उतरू लागले, आणि पायरीवरून पाय घसरून पडले. कंपनी म्हणाली, गाडी रुळावरून घसरली नाही, टक्कर झाली नाही, हा कसला रेल्वेचा अपघात? कोर्टाने ते ऐकले नाही. उतरणे हाही प्रवासाचाच भाग, असे ठरले. मग दुसरा प्रश्न आला. गृहस्थांनी औषधोपचाराचा खर्च मागितला, आणि अंथरुणावर पडून राहिल्याने जो धंदा बुडाला त्याचीही भरपाई मागितली. कोर्टाने निकाल दिला की उपचाराचा खर्च मिळेल, बुडालेल्या धंद्याचे काही मिळणार नाही. विमा दुखापतीचा होता, कमाईचा नव्हता. एकाच पायाच्या दुखण्याचे असे दोन हिशेब झाले. औषधाचे पैसे एका वहीत, बुडीत कमाईचे दुसऱ्या वहीत. पुढच्या दीडशे वर्षांत या दोन वह्या काही केल्या एक झाल्या नाहीत.

आणखी वीस वर्षांनी, १८७४ साली, ब्रॅडबर्न नावाच्या एका उतारूचा खटला झाला. त्याला रेल्वेच्या हयगयीमुळे इजा झाली होती. रेल्वेने म्हणायचे ते म्हटले: याला विमा कंपनीकडून एकतीस पौंड आधीच मिळाले आहेत, तेवढे आमच्या देण्यातून वजा करा. न्यायाधीशांनी वजा करू दिले नाहीत. त्याने आपल्या पदरच्या पैशाने विमा घेतला होता. त्याच्या शहाणपणाचा फायदा चूक करणाऱ्याला का मिळावा? हा मुद्दा साधा दिसतो, पण अपघाताचा विमा दुसऱ्या भरपाईच्या जोडीला उभा राहू शकतो, तो तिची जागा खात नाही, हे तत्त्व त्यातून पक्के झाले. आपण शेवटी त्याच्याकडे पुन्हा येऊ.

आता इंग्लंड सोडून जर्मनीला जाऊ, कारण खरी मेहनत तिथे झाली.

१८७१ साली जर्मन साम्राज्य एक झाले, आणि त्याच साली एक कायदा झाला की कारखान्यातल्या अपघाताबद्दल मालक जबाबदार. वाचायला फार छान. पण त्यात मेख अशी की, चूक मालकाची किंवा त्याच्या मुकादमाची होती हे जखमी कामगाराने सिद्ध करायचे. कसे करणार? साक्षीदार म्हणजे शेजारच्या यंत्रावरचा सोबती. तो त्याच मालकाची भाकरी खाणारा. आणि खाणीत दरड कोसळली, बाष्पपात्र फुटले, तर चूक कुणाची ते सांगायला पुष्कळदा कुणी जिवंतच नसे. रेल्वेपुरता कायदा कडक होता, बाकीच्या धंद्यांत कोर्टाच्या पायऱ्या झिजवणे एवढेच हाती.

त्या वेळी जर्मनीची सूत्रे बिस्मार्कच्या हाती होती. हा माणूस कामगारांचा कैवारी वगैरे मुळीच नव्हता. १८७८ साली त्यानेच समाजवादी पक्षाच्या सभा आणि वर्तमानपत्रे बंद करणारा कायदा आणला. पण नुसत्या चाबकाने काम भागत नाही, दुसऱ्या हातात गूळही लागतो, हे त्याला कळत होते. १८८१ च्या आरंभी त्याने अपघात विम्याचे पहिले विधेयक मांडले. त्यात सरकारी तिजोरीतून पैसे घालायची कल्पना होती. गरीब कामगाराला सरकारकडून काही मिळाले म्हणजे तो सरकारचा होईल, हा त्याचा आडाखा. सभागृहाने नेमकी तीच गोष्ट गाळली, आणि बिस्मार्कने रागाने विधेयकच सोडून दिले. १७ नोव्हेंबर १८८१ रोजी सम्राटाच्या नावाने एक जाहीरनामा निघाला. अपघात, आजारपण आणि म्हातारपण यांची तजवीज करण्याचे वचन त्यात होते. १८८२ मध्ये दुसरे विधेयक आले, तेही तडीस गेले नाही.

अडचण कुठे होती ती नीट समजून घ्या, कारण तीच आपल्या विषयाची किल्ली आहे. कारखान्यांत रोज शेकडो लहानमोठ्या इजा होतात. बोट कापले, पाय मुरगळला, डोळ्यात कण गेला. यांतली बहुतेक माणसे आठ-पंधरा दिवसांत कामावर येतात. जन्माचा पांगळा होणारा त्यात एखादाच. एका मोठ्या अपघात निधीने प्रत्येक कापलेल्या बोटाची चौकशी करायची म्हटली, तर पैसे कारकुनांच्या पगारातच संपायचे. शिवाय माणूस खरोखर दुखणाईत आहे की सोंग करतो आहे, हे दूरच्या कचेरीला कळत नाही, गल्लीतल्या माणसांना कळते. म्हणून तोड अशी निघाली की लहान इजा आजारपणाच्या निधीवर टाकायच्या. हे निधी गावोगाव, धंदेवार, छोटे छोटे असत, आणि त्यांचा कारभार सभासदांच्या डोळ्यांसमोर चाले. अशा रीतीने आजारपणाच्या विम्याचा कायदा १५ जून १८८३ रोजी आधी झाला, आणि अपघात विम्याचा ६ जुलै १८८४ रोजी मागाहून. बिस्मार्कचा जीव खरे तर अपघात विम्यात होता, पण पाठीराख्याचा जन्म आधी झाला.

आता जोड कशी बसवली ते पाहा. अपघात झाला की पहिले तेरा आठवडे जखमी माणूस आजारपणाच्या निधीकडे. चौदाव्या आठवड्यापासून अपघाताच्या निधीकडे. आजारपणाच्या निधीत कामगार दोन हिस्से भरी आणि मालक एक हिस्सा. अपघाताच्या निधीत मात्र सगळे पैसे मालकांचे. त्यांनी धंदेवार संघ करून ते जमवायचे. चूक कुणाची हा प्रश्न विचारायचाच नाही. मालकाची असो, कामगाराची असो, कुणाचीच नसो, पैसे मिळणार. त्याच्या बदल्यात कामगाराने मालकावर दावा लावायचा नाही.

एक उदाहरण घेऊ म्हणजे उमजेल. समजा, एकाला दिवसाला तीन मार्क मजुरी आहे आणि त्याचा पाय गिरणीच्या पट्ट्यात गेला. डॉक्टर आणि औषध त्याला पहिल्या दिवसापासून फुकट. रोख पैसे पहिले तीन दिवस नाहीत. पुढे निम्मी मजुरी, म्हणजे दीड मार्काच्या आसपास, आजारपणाच्या निधीतून. पाचव्या आठवड्यापासून त्याला दोन-तृतीयांश, म्हणजे दोन मार्क मिळायचे. वरचा जो अर्धा मार्क वाढला तो त्या कारखान्याच्या मालकाने स्वतःच्या खिशातून द्यायचा. तेरा आठवडे संपले आणि माणूस कायमचा निकामी ठरला, तर तेच दोन मार्क आता मालकांच्या संघाकडून, हयातभर. माणूस दगावला तर विधवेला मजुरीचा पाचवा हिस्सा, प्रत्येक मुलाला शेकडा पंधरा, पण सगळे मिळून शेकडा साठाच्या वर नाही. म्हणजे आई आणि तीन मुले असली की मर्यादा गाठली. चौथ्या मुलाचा घास बाकीच्यांनी आपल्यातून काढायचा.

हे पाचव्या आठवड्याचे कलम मला फार बोलके वाटते. कामगारांच्या पुढाऱ्यांचा आक्षेप होता की बहुतेक इजा तेरा आठवड्यांच्या आतच बऱ्या होतात, म्हणजे बहुतेक अपघातांचा खर्च कामगारांच्याच वर्गणीतून निघणार, आणि नाव मात्र मालकांच्या उदारपणाचे! आक्षेप खोटा नव्हता. पाचव्या आठवड्याला मालकाकडून अर्धा मार्क घेण्याची तरतूद म्हणजे दोन विम्यांच्या मधल्या फटीत ठोकलेली एक पाचर होय. १९०३ साली आजारपणाचा भत्ता सव्वीस आठवड्यांपर्यंत वाढवला गेला, तेव्हा अपघातावाचून लांबणाऱ्या दुखण्यांनाही थोडा आधार मिळाला. तोवर क्षयाने खंगणाऱ्या माणसाचा भत्ता तेराव्या आठवड्याला बंद पडे, आणि यंत्रात पाय गेलेल्याचा तिथून पुढे सुरू होई. दोघेही अंथरुणाला खिळलेले, दोघांचीही मुले उपाशी. पण एकाचे दुखणे आजार आणि दुसऱ्याचे अपघात. कायद्याला रेषा कुठे तरी ओढावीच लागते. ती ज्याच्या अंगावरून जाते त्याला मात्र ती जन्मभर बोचते.

१८८६ साली जर्मनांनी हा अपघात विमा शेती आणि जंगलाच्या कामालाही लावला. आपल्या ग्रामीण वाचकांनी हे साल ध्यानात ठेवावे. १९२५ साली कामावर जाता-येतानाचा अपघात आणि काही धंदेवाईक रोगही त्यात आले. आणि एक गोष्ट कुणी फारशी योजली नव्हती तरी घडली: पैसे आपल्याच खिशातून जातात म्हटल्यावर मालकांच्या संघांनी यंत्रांना जाळ्या बसवायचे नियम केले आणि ते पाळले जातात की नाही हे बघायला तपासनीस नेमले.

आता मुंबईकडे वळू. बर्लिनचा कायदा जुलै १८८४ चा. त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबईत गिरणी कामगारांच्या दोन मोठ्या सभा झाल्या. त्या भरवणारे नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. सरकारने त्या सुमारास कारखान्यांची पाहणी करायला एक कमिशन नेमले होते. लोखंड्यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज त्यापुढे ठेवला. अर्जात पाच मागण्या होत्या. आठवड्याला एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाचे तास सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंत, आणि पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, या चार. पाचवी मागणी अशी की कामावर जबर इजा झाली तर कामगार बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची योग्य तजवीज व्हावी.

पाहा, ज्या प्रश्नावर बर्लिनच्या पंडितांनी तीन विधेयके खर्ची घातली, तोच प्रश्न परळ-लालबागच्या गिरण्यांतल्या माणसांनी एका वाक्यात मांडला होता. तात्पुरती इजा वेगळी, कायमचे अपंगत्व वेगळे, हा भेदही त्यात आहे. आणि मागणी निम्म्या पगाराची नाही, पूर्ण पगाराची आहे. या सह्या करणाऱ्यांतले किती जण कोकणातून, घाटावरून आलेले शेतकरीच होते! गावी अपघात झाला तर निदान भाऊबंद होते. मुंबईच्या खोलीत कुणी नव्हते.

त्या वेळी आपल्याकडे कायदा काय होता? १८५५ चा प्राणघातक अपघातांचा कायदा होता, पण त्यात दुसऱ्याची चूक सिद्ध करावी लागे. १८८१ चा कारखान्यांचा कायदा होता. त्यात लहान मुलांच्या कामाचे तास नऊ केले होते, यंत्रांना कुंपण घालायचे आणि अपघाताची खबर द्यायची, एवढेच. खबर दिल्यावर पुढे काय? काही नाही. लोखंड्यांच्या चार मागण्यांपैकी रविवारच्या सुटीची मागणी १८९० साली मान्य झाली, त्याबद्दल आपण आजही त्यांचे नाव घेतो. पाचव्या मागणीची आठवण फारशी कुणाला राहिली नाही. १८९७ साली मुंबईत प्लेगच्या साथीत लोखंडे वारले, तेव्हाही ती तशीच पडून होती.

ती पुरी व्हायला १९२३ साल उजाडावे लागले. त्या साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. म्हणजे लोखंड्यांच्या अर्जाला जवळजवळ चाळीस वर्षे झाली होती. मृत्यूबद्दल तीस महिन्यांचा पगार, पण अडीच हजारांच्या वर नाही. कायमच्या पूर्ण अपंगत्वाबद्दल बेचाळीस महिन्यांचा, पण साडेतीन हजारांच्या वर नाही. आणि तात्पुरत्या इजेबद्दल निम्मा पगार. त्याला जोडून शरीराच्या अवयवांचे एक कोष्टक होते, ते वाचताना अंगावर काटा येतो. उजवा हात कोपरापासून गेला तर कमाईची शक्ती शेकडा सत्तर गेली असे धरायचे, डावा गेला तर साठ. एक डोळा तीस. अंगठा पंचवीस. तर्जनी दहा, इतर बोटे प्रत्येकी पाच. डावखुऱ्याचे काय, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. माझ्याही आला. कोष्टकाला असले प्रश्न पडत नाहीत. पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे: कोष्टक क्रूर वाटले तरी त्यामुळे अंगठ्याच्या किमतीची घासाघीस थांबली. अडाणी मजुराला निदान आकडा ठाऊक झाला.

या कायद्यात दोन उणिवा होत्या. एक, पैसे ज्याच्या त्याच्या मालकाने द्यायचे, मागे कोणता निधी नाही. मालक दिवाळखोर झाला की संपले. दुसरी, आजारपणाला काहीच नाही. जर्मनीत आजारपणाचा विमा आधी झाला होता, आपल्याकडे अपघाताचा कायदा एकटाच उभा होता. ही उणीव भरून काढण्यासाठी १९४३ साली सरकारने प्रा. बी. पी. अडारकर यांना नेमले, आणि १९४४ मध्ये त्यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना सादर केली. पुढे तिला अपघात आणि बाळंतपण यांची जोड मिळाली, आणि स्वतंत्र भारतात १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपुरात पंडित नेहरूंच्या हस्ते योजना सुरू झाली. मुंबईच्या गिरण्यांपर्यंत ती १९५४ साली पोहोचली.

येथे बिस्मार्कची तेरा आठवड्यांची फट बुजवली आहे. दवाखाना एकच, आजारी असा वा जखमी. वर्गणी एकाच निधीत. सध्या पगाराच्या शेकडा सव्वातीन मालक भरतो आणि पाऊण कामगार. रोख पैसे मात्र अजूनही दोन वह्यांतून येतात. साध्या आजाराला पगाराच्या शेकडा सत्तर, वर्षात एक्क्याण्णव दिवसांपर्यंत. कामावरच्या इजेला शेकडा नव्वद, आणि तात्पुरती असमर्थता असेपर्यंत. दिवसांची मर्यादा नाही. एकाच काळात दोन्ही भत्ते घेता येत नाहीत, आणि या विम्यातला कामगार १९२३ च्या कायद्याखाली मालकाकडून निराळी भरपाईही मागू शकत नाही. हे दोन्ही कायदे पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गोवले गेले आहेत.

पण शेतकरी? त्याला मालक नाही, मुकादम नाही, पगारपत्रक नाही. कडबाकुट्टीत बोटे जावोत, विहिरीच्या मोटरीचा धक्का बसो, रात्रीच्या पाण्याला गेला असता साप चावो, तो या साऱ्या कायद्यांच्या कुंपणाबाहेर. जर्मनांनी १८८६ साली जे केले, ते आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने २००५-०६ च्या सुमारास शेतकरी अपघात विम्याच्या रूपाने सुरू केले. पुढे तिला गोपीनाथ मुंडे यांचे नाव दिले गेले. विमा कंपन्या दावे फेटाळतात, लांबवतात, अशा तक्रारी होत राहिल्या, आणि २०२३ साली कंपनीला मधून काढून शासनाने स्वतःच सानुग्रह अनुदान द्यायचे ठरवले. मृत्यूला दोन लाख. दोन डोळे किंवा दोन अवयव गेल्यास दोन लाख. एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास एक लाख. सातबारावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या घरातला नाव नसलेला एक माणूस, अशा दोघांना हे लागू आहे. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, आणि तोही लवकर करायचा. बाकीच्या अटी तिथेच विचारून घ्याव्यात.

बँकेतला वीस रुपयांचा विमा म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजना. ती २०१५ साली बारा रुपयांवर सुरू झाली, १ जून २०२२ पासून वीस झाले. अठरा ते सत्तर वर्षांच्या खातेदाराला मृत्यू वा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेल्यास एक लाख. दुसरा विमा असला तरी ही रक्कम वेगळी मिळते. मात्र ३१ मे च्या सुमारास खात्यात वीस रुपये शिल्लक नसले, तर वर्षभराचे छत्र जाते. आणि कितीतरी घरांत ते असेच जाते. याच्या जोडीला दवाखान्यासाठी आयुष्मान भारत आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना. कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, ठरलेल्या रुग्णालयांत, रोकड न भरता. त्या योजना मजुरी देत नाहीत. शाळेतल्या मुलांसाठी राज्याची राजीव गांधी यांच्या नावाची अपघात योजना आहे, ती गुरुजींनी ठाऊक करून घ्यावी, कारण तिचे कागद शाळेतूनच जातात.

कागदांवरून सांगतो. रस्त्यावरचा अपघात असेल तर पोलिसांची नोंद आणि पंचनामा लागतो. साप चावला, झाडावरून पडला, अशा वेळी लगेच दवाखान्यात दाखल झाल्याची नोंद हाच बँकेच्या विम्याचा पुरावा धरतात. आधी मांत्रिकाकडे नेले आणि रात्रभर तिथेच ठेवले, तर जिवाचा धोका तर आहेच, शिवाय कागदही हातचा गेला.

आणि ब्रॅडबर्नचे ते एकतीस पौंड. १९९८ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाचा एक खटला आला. अपघातात मरण पावलेल्या माणसाच्या कुटुंबाला आयुर्विम्याचे पैसे मिळाले होते, ते मोटार अपघाताच्या भरपाईतून वजा करायचे का, हा प्रश्न. न्यायालयाने सांगितले, वजा करायचे नाहीत. ते पैसे त्या माणसाने हप्ते भरून मिळवलेले आहेत, अपघात करणाऱ्याचा त्यावर हक्क पोहोचत नाही. तेव्हा एस.टी.च्या वा ट्रकच्या अपघाताचा दावा चालू असताना ‘विम्याचे पैसे आले हे सांगू नका, नाहीतर भरपाई कापतील’ असे कुणी कानात सांगितले, तर त्याचे ऐकू नका. विम्याची पावती वकिलाला उघड दाखवा.